लेकरं, एसटी अन् म्युझियम : तुमची पत्रं, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही एवढंच विचारलं होतं की घरी चारचाकी नसताना छोट्या लेकरांना घेऊन शहरातलं म्युझियम बघायला जायचं म्हटलं की तुमचं घोडं नेमकं कुठं अडतं. पत्रं भरपूर आली, आणि गंमत म्हणजे म्युझियमबद्दल विचारणारी थोडी, बाकी सगळी तिकीट, उलटी, लघवी, डबा आणि सासूबाई याबद्दलची. तर त्यातली काही निवडून घेतलीत. नावं कुणाचीच छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

जालन्याहून एक आई लिहितात : मला दोन लेकरं, मोठी सात वर्षांची, धाकटा चारचा. ह्यांना दुकान सोडून येता येत नाही म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी एकटीच दोघांना संभाजीनगरला न्यायचं म्हणतेय. पाणचक्की, बीबी का मकबरा, सोनेरी महाल, महापालिकेचं शिवाजी महाराजांचं म्युझियम, सिद्धार्थ गार्डन आणि जमलं तर वेरूळ, हे सगळं एका दिवसात बसतं का? सासूबाई म्हणायल्यात एवढे पैसे घालून जायलीस तर सगळंच बघून ये.

ताई, नाही बसत. वेरूळ तर आत्ताच खोडून टाका, तो वेगळा दिवस आहे, आणि चार वर्षांच्या लेकराला घेऊन तर अख्खा दिवस. उरलेल्यातल्या दोनच जागा घ्या, तिसरी जमली तर जमली. सासूबाईंना पैशाचा हिशोब असा सांगा : धाकटा पाचच्या आतला म्हणून त्याला एसटीत तिकीट नाही, मोठीला हाफ, आणि तुम्हाला 17 मार्च 2023 पासून महिला सन्मानमध्ये निम्मं तिकीट, म्हणजे तिघांचं मिळून एका माणसाचं फुल तिकीट झालं. एवढ्यासाठी सहा जागा पळत बघायची काहीच गरज नाही, पुढच्या सुट्टीत परत या की. फक्त लेकरांच्या आधारचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, अंगानं भरलेलं लेकरू असलं की कंडक्टर वय विचारतोच.

सकाळची लवकरची गाडी धरा म्हणजे ऊन चढायच्या आत पोचाल. सिडकोला बरीच माणसं उतरतात म्हणून तुम्ही उतरू नका, मध्यवर्ती बसस्टँडपर्यंत बसून या. तिथून पहिल्यांदा पाणचक्की. हे मी मुद्दाम पहिल्यांदा सांगतेय कारण लहान लेकराला आधी हलणारी वस्तू दाखवावी, काचेतली नंतर. दिवाळीत पाऊस नुकताच संपलेला असतो त्यामुळं पाणीही बऱ्यापैकी असतं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणलंय, ते वरून हौदात पडतं आणि त्याच पाण्याच्या जोरावर पात्यांचं चाक फिरून वरचं जातं फिरायचं, बाबाशाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी तिथं पीठ निघायचं. मोठीला एकच प्रश्न घाला : इथं मोटार नाही, लाईट नाही, मग पाणी एवढ्या उंच भिंतीवर चढलं कसं? तिला डोकं खाजवू द्या. उत्तर असं की झरा मुळातच पाणचक्कीपेक्षा उंचावर आहे, आणि बंद नळातलं पाणी आपल्या उगमाच्या उंचीच्या जवळपास परत चढू बघतं. घरी बादली आणि पाण्याची नळी घेऊन हे करून दाखवता येतं. अजून एक, त्या मोठ्या हौदाच्या खाली खांबांचा अख्खा हॉल आहे, म्हणजे हौदाचा तळ तोच खालच्याचं छत, हे कळलं की धाकटा पण डोळे मोठे करतो.

तिथंच कुठंतरी सावलीला बसून डबा खाऊन घ्या, मग रिक्षानं सोनेरी महाल. औरंगजेबाबरोबर दख्खनेत आलेल्या एका बुंदेला सरदारानं तो बांधला, भिंतींवर सोन्याच्या रंगात चित्रं होती म्हणून सोनेरी. आता तिथं राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे. आत गेल्यावर पाट्या वाचत बसू नका हो, दोघांनाही एकेक काम द्या, तू प्राणी शोध, तू दागिने घातलेली बाई शोध. दगडी मूर्त्यांत हत्ती, सिंह, मगरीसारखं काहीतरी सापडतंच. पाऊण तासात चुळबुळ सुरू झाली की बाहेर या, ओढत थांबवू नका, त्या पाऊण तासात झालं ते पुष्कळ झालं.

अंगात दम उरला तर मकबरा तिथून फार लांब नाही, आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जागांवर पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. मकबऱ्यात लोक सरळ घुमटाकडं पळतात, तुम्ही मोठ्या दरवाजापाशी दोन मिनिटं थांबा. लाकडी दारावर पितळेची वेलबुट्टी मढवलीय आणि तिथंच बांधणाऱ्यांची नावं आहेत, अताउल्ला आणि हंसपतराय. औरंगजेबाच्या मुलानं, आझमशाहानं, आपल्या आईसाठी हा बांधला हे सगळे सांगतात, पण ज्यांनी हात काळे केले त्यांची नावं दारावर लिहिलेली क्वचित बघायला मिळतात, ती लेकराला बोटानं दाखवा.

सिद्धार्थ गार्डन सगळ्यात शेवटी. बसस्टँडच्या जवळच आहे म्हणून सकाळी सकाळी मोह होतो, पण एकदा वाघ बघितला की मग पुढं कुठल्याच मूर्तीत राम राहत नाही. महापालिकेचं म्युझियम पुढच्या खेपेला ठेवा, तिथं चिलखत, तलवारी, जुनी नाणी असं सामान आहे, सात-आठ वर्षांच्या पोराला ते जास्त भिडतं.

आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन करून चालू आहे का ते विचारा. राज्य सरकारची म्युझियम सोमवारी बंद असतात, अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी. दुरुस्तीसाठी दालन बंद ठेवलेलं असतं ते तर बोर्डावर बी नसतं, तिथं जाऊनच कळतं. एवढं करून गेटाला कुलूप बघायची वेळ येऊ नये.

अंबाजोगाईहून एक बाबा : पोराला गाडी लागते. घाट आला की संपलं. त्यामुळं आम्ही कुठंच जात नाही.

दादा, असं घरात बसू नका. दोन ते बारा या वयात गाडी लागायचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं, पुढं बहुतेकांचं आपोआप कमी होतं. होतं काय तर कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय आणि डोळे समोरच्या सीटच्या पाठीकडं बघून सांगतात आपण बसलोय, या दोघांच्या भांडणात पोट बिघडतं. म्हणून मागच्या चाकावरची सीट टाळा, पुढची खिडकी घ्या, काच उघडी, आणि त्याला लांबचं बघायला लावा, डोंगर, टॉवर, समोरून येणाऱ्या गाड्या, काय वाटेल ते. मोबाईल अजिबात नाही, गोष्टीचं पुस्तक पण नाही. लोकांची एक चूक अशी होते की उलटी होईल म्हणून उपाशी ठेवतात, उपाशीपोटी जास्त मळमळतं, आणि दुसरी उलट टोकाची, निघताना ग्लासभर दूध पाजतात. कोरडा धपाटा किंवा दशमी अर्धी, तासभर आधी, बस. तोंडात आमसूल, आवळासुपारी, लिमलेटची गोळी यातलं जे चालेल ते, गोळी मात्र जरा मोठ्या लेकरालाच, छोट्याच्या घशात अडकते. औषधाचं मात्र तुमच्या डॉक्टरला विचारूनच, वजनावर डोस असतो आणि ते निघायच्या आधी द्यावं लागतं, उलटी सुरू झाल्यावर देऊन उपयोग नाही.

कॅरीबॅग दोन घ्या, एकात एक घातलेली, भोक आहे का ते घरीच फुंकून बघा. हे लिहायला घाण वाटतं पण फाटकी कॅरीबॅग त्याहून घाण.

आणि पहिल्यांदाच घाटातून नेऊ नका की. आधी सपाट रस्त्यानं तासाभराची खेप करा, त्याला कळू द्या की प्रत्येक वेळी होत नाही.

परतूरहून एका ताईंचं पत्र, दोन ओळींचं : मुलगी पाच वर्षांची. बाहेर कुठंच बाथरूमला जात नाही, रोखून धरते, मग रडते.

हे फार लोकांनी विचारलंय, उघड कुणी बोलत नाही. परतूरला रेल्वे आहे ना, मग संभाजीनगरला जाताना गाडी धरा, डब्यात संडास तर आहे, एसटीत ती सोय नाही. पाच ते बाराच्या लेकराला रेल्वेत सीट-बर्थ वेगळी नको असेल तर हाफ, बर्थ घेतली तर फुल, पाचच्या आतलं फुकट. उतरल्यावर गर्दी ओसरू द्या, मग स्टेशनच्या वेटिंग रूममधलं गाठा. बाकी म्युझियमचं तिकीट काढताना पहिला प्रश्न संडास कुठंय हाच विचारा, लाजू नका, आणि आत शिरायच्या आधीच जाऊन या. पर्समध्ये साबणाचा कागद, पाण्याची छोटी बाटली, जुनी ओढणी आणि एक जास्तीची चड्डी. पाणी कमी पाजणं हा उपाय नाही, आपल्याकडच्या उन्हात तर नाहीच.

लातूर जिल्ह्यातून जिल्हा परिषद शाळेचे एक गुरुजी : तिसरी-चौथीची चाळीस लेकरं आहेत. पालकांची परिस्थिती बेताची. शहरातलं मोठं म्युझियम परवडत नाही. कुठं न्यावं आणि चाळीस जणांना आत कसं सांभाळावं?

गुरुजी, तुम्ही तेरला जा. तेर आज गाव आहे पण दोन हजार वर्षांपूर्वी ते शहरच होतं, तगर म्हणायचे, आणि पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात त्याचं नाव येतं, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या मालाची खबर तिकडं समुद्रापलीकडं होती. लेकरांना तेर माहीत असतं ते गोरोबाकाकांमुळं, ते तर आहेच, पण तिथलं रामलिंगप्पा लामतुरे म्युझियम बघून आलेली लेकरं मी बघितलीत, ती घरी येऊन खापरं गोळा करायला लागतात. लामतुरे त्याच गावचे, गावात नांगरताना, खणताना निघालेल्या वस्तू त्यांनी जमवल्या, त्यातून हे म्युझियम उभं राहिलं आणि आता ते सरकारचं आहे. कुणा राजाच्या खजिन्यातलं नाही, आपल्यासारख्याच गावच्या मातीतलं निघालेलं सगळं. तिसरीतल्या लेकराला हीच गोष्ट पटकन कळते.

चाळीस जणांना एकच वस्तू दाखवायची झाली तर हस्तिदंती बाहुली दाखवा. वीतभरसुद्धा नाही, पण गळ्यातलं, कमरेचं, केसांची ठेवण, सगळं कोरलंय, जवळून बघितलं तरच दिसतं. अशाच घडणीची एक हस्तिदंती मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली, 1938 साली. पाँपेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीनं गाडलं गेलं, म्हणजे ती त्याच्या आधीच तिथं पोचलेली होती. आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला पण तशाच हस्तिदंती मूर्तीचा तुकडा सापडलाय. आता वर्गात नकाशा लावा आणि विचारा, बैलगाडीनं कुठवर गेली असेल, गलबतात कुठं चढली असेल. भूगोलाचे दोन तास यातच जातील.

मूर्तीबरोबर मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या, खापरं असं पण बघायला आहे, आणि गावात त्रिविक्रमाचं विटांचं जुनं देऊळ आहे, त्याची मागची बाजू गोलाकार आहे, ती लेकरांना चालत फिरून बघू द्या.

गाडीचं असं करा की डेपोत जाऊन प्रासंगिक करारानं शाळेच्या सहलीसाठी एसटी मागा, शाळांना निम्म्या दरात मिळते, मुख्याध्यापकाचं पत्र लागतं आणि सहलींच्या दिवसांत गाड्या कमी पडतात म्हणून अर्ज लवकर टाका. म्युझियमला पण पत्र पाठवा, सहायक अभिरक्षक म्हणजे म्युझियम सांभाळणारे अधिकारी असतात, त्यांना आधी माहीत असलं तर कुणीतरी माणूस बोलायला उभा राहतो, नाहीतर तुम्ही आणि वॉचमन एवढेच. चाळीस जण एकदम आत घालू नका. वीस आत, वीस बाहेर देवळाजवळ दुसऱ्या गुरुजींबरोबर, मग अदलाबदल. आत पण पाचपाचचे गट, आणि प्रत्येक गटाला चिठ्ठीवर एकच वस्तू लिहून द्या, ती शोधायची आणि पाटीवर तिचं चित्र काढायचं. चित्र काढताना लेकरू जेवढं निरखून बघतं तेवढं आपण दहा वेळा सांगून बघत नाही. माहिती लिहून आणा म्हटलं की ती वस्तूजवळच्या पाटीवरचा मजकूर उतरवत बसतात आणि वस्तूकडं बघतच नाहीत, हा प्रकार शाळेच्या प्रत्येक सहलीत दिसतो, आणि मला त्याचा खरंच राग येतो.

मोजदाद गाडीत चढताना करतात सगळे, तुम्ही उतरताना पण करा.

हिंगोलीहून एक आजोबा : म्युझियममध्ये असतं काय? फुटकी भांडी आणि नाक तुटलेल्या मूर्त्या. त्यापेक्षा लेकराला मॉल दाखवा, एसी तरी असतो.

आजोबा, एसीचं खरं आहे तुमचं. पण नाक का तुटलं हा प्रश्न लेकरू मॉलमध्ये विचारत नाही, म्युझियममध्ये विचारतंच. आणि उत्तर तुम्हाला यायलाच पाहिजे असं नाही. पुढं निघालेला दगडाचा भाग आधी तुटतो, पडला की नाक, हात, सोंड हेच जातं, एवढं सांगितलं तरी त्याचं समाधान होतं, बाकी पुढं मोठं झाल्यावर. मॉल संध्याकाळी करा, दोन्ही होतं.

नांदेडहून एक आई-बाबा : आम्हाला संभाजीनगरपेक्षा हैदराबाद सोयीचं. मोठा सहाचा, धाकटी दोन वर्षांची, अजून अंगावर पिते. सालारजंग म्युझियम बघायचंय, आमच्या आजोबांनी निजामाच्या काळात हैदराबादेत नोकरी केली, घरात सारखं नाव निघतं. दोन वर्षांच्या लेकरासोबत जमेल का? बाबागाडी न्यावी का?

नांदेडकरांचं बरोबर आहे, 1948 पर्यंत आपण सगळे त्याच संस्थानात, मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत मुंबईआधी हैदराबाद बघितलेलं असायचं. जमेल, पण आधी वार बघा. सालारजंग शुक्रवारी बंद. आपल्याला सोमवारची सवय, त्यामुळं गुरुवारी रात्री गाडीत बसून शुक्रवारी सकाळी तिथं उतरणारी माणसं आहेत.

रात्रीची अजिंठा एक्स्प्रेस सोयीची वाटते, पण नांदेडला ती गाडी अपरात्रीची आहे, झोपलेलं लेकरू खांद्यावर घेऊन प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं आणि सकाळी उतरून थेट म्युझियमला जायचं असा बेत असला तर तो दिवस तुमच्या रागात जाणार. दिवसाची गाडी घ्या, रात्री नातेवाइकाकडं किंवा लॉजवर झोपा, दुसऱ्या दिवशी सकाळी जा. सिकंदराबादला उतरलात तर परेड ग्राउंडवरून हिरव्या लाईनची मेट्रो एमजीबीएसपर्यंत, म्हणजे तिथल्या मोठ्या बसस्टँडपर्यंत जाते, तिथून सालारजंग रिक्षाच्या अंतरावर, मुसी नदीच्या काठीच. मोठ्याला मेट्रोचं म्युझियमपेक्षा जास्त कौतुक वाटेल, वाटू द्या. तिथल्या सिटी बसमध्ये बायकांना फुकट प्रवास आहे पण तो तेलंगणात राहणाऱ्यांनाच, आपलं महाराष्ट्राचं आधार चालत नाही, म्हणून कंडक्टरशी वाद घालू नका.

आत तीसच्या वर दालनं आहेत. सगळी बघायचा हट्ट धरलात तर धाकटी दुसऱ्या दालनातच भोकाड पसरेल. घड्याळ बघा, बास. ते इंग्लंडहून आलेलं संगीत घड्याळ आहे, दर तासाला आतून एक छोटा दाढीवाला माणूस दार उघडून बाहेर येतो, घंटेवर टोल देतो आणि आत जातो. उजव्या बाजूला एक लोहार आहे, तो सेकंदाला एक असा हातोडा मारतच असतो, लोक टोलाकडं बघत बसतात आणि लोहाराकडं कुणाचं लक्षच नसतं, तो मोठ्याला आधी दाखवून ठेवा. बाराचा टोल धरा म्हणजे माणूस जास्त वेळ बाहेर राहतो. समोर बसायला जागा आहे पण गर्दी होते, पंधरा-वीस मिनिटं आधी जाऊन बसा, तेवढ्यात धाकटीला पाजून होईल. टोल झाला की एकदम सगळे उठतात, त्या रेट्यात शिरू नका, बसून राहा.

मग जाता जाता बेंझोनी नावाच्या शिल्पकाराची बुरख्यातली रेबेका. संगमरवराची बाई आहे आणि तोंडावरून पातळ ओला कपडा घेतल्यासारखा दिसतो, तो पण दगडच. सहा वर्षांचं पोरगं हे कापडच आहे म्हणून भांडतं. आणि एक लाकडाची दुतोंडी मूर्ती, पुढून अकडलेला सैतान, मागं आरसा लावलाय त्यात मान खाली घातलेली मुलगी, दोघं एकाच ओंडक्यातली. मोठ्याला पुढून मागं, मागून पुढं चार चकरा मारू द्या. एवढ्या तीन गोष्टी झाल्या की जेवायला बाहेर. आजोबांच्या नोकरीच्या गोष्टी घरी आधीच सांगून न्या, तिथं गर्दीत कोण ऐकतंय.

बाबागाडी नको. रेल्वेच्या पायऱ्या, पुलाच्या पायऱ्या, फुटपाथावरचे ठेले, तुम्हीच ती उचलून फिराल. जाड ओढणी किंवा लेकराला छातीशी बांधायची पिशवी मिळते ती घ्या. पिशव्या बाहेर ठेवायला लावतात, म्हणून दुधाची बाटली, लंगोट, पैसे, मोबाईल हे छोट्या पर्समध्ये वेगळं काढून ठेवा. आणि अंगावर पाजायचं तुम्हाला अवघड वाटत असेल तर आपल्याकडच्या एसटी स्टँडांवर हिरकणी कक्ष असतो, कुलूप दिसलं तर चौकशीच्या खिडकीवर जाऊन किल्ली मागायची, संकोच करायचा नाही. तो त्यासाठीच बांधलाय.

सेलूहून : म्युझियममध्ये पोरगा दमला तर मोबाईल द्यावा का?

नको. बाहेर काढा, शेंगा खाऊ घाला.

धाराशिवहून एक मामा : भाचरं मे महिन्यात येतात, तेव्हाच वेळ असतो. मे मध्ये न्यावं का?

18 मे हा जागतिक संग्रहालय दिवस असतो, त्याच्या आगेमागे बऱ्याच ठिकाणी काही ना काही कार्यक्रम ठेवतात, त्यामुळं अगदीच जाऊ नका असं म्हणत नाही. पण मामा, आपल्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे. पहिल्या गाडीनं जायचं, साडेअकराच्या आत आतल्या सावलीत शिरायचं, ऊन उतरेपर्यंत बाहेर पडायचं नाही. टोपी, कांदा, ताक जे काय तुमच्या घरचं असेल ते. डब्यात दहीभात नको, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, सुशीला. सुशीला गार झाली तरी चालते आणि लेकरं मुकाट खातात.

अंबडहून एक सूनबाई : पुण्याला दिरांकडं जायचंय, मुलं आठ आणि पाच. तिथलं केळकर म्युझियम बघायचं ठरलंय. सासूबाई शहात्तरच्या, त्या पण येते म्हणायल्यात. त्यांचे गुडघे दुखतात, नेलं तर आमचं बघणं होणार नाही असं ह्यांचं मत.

ह्यांना म्हणावं सासूबाई नाही आल्या तर तुमचं बघणं होणार नाही. राजा दिनकर केळकर म्युझियम म्हणजे बहुतेक सगळं घरातलंच सामान, अडकित्ते, दिवे, समया, पेट्या, दारं, स्वयंपाकघरातली भांडी, गंजिफाचे जुने पत्ते, वाद्यं. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून हे जमवलं आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं. यातल्या निम्म्या वस्तू तुम्हाला ओळखू येणार नाहीत, सासूबाईंना येतील, हे आमच्याकडं कशात ठेवायचे, ते कुणाच्या लग्नात आलं होतं, आणि आठ वर्षांचा नातू पाटी न वाचता ते ऐकेल. अडकित्त्यांचं कपाट तर सोडूच नका, घोडा, पोपट, बाई, माणूस, काय काय आकाराचे, पाचच्या लेकरालाही तिथं आवडतं.

खर्चाचं तर काही नाहीच. पंचाहत्तरच्या पुढं एसटी फुकट, 26 ऑगस्ट 2022 पासून, तुमचं निम्मं, आठच्याचं हाफ, पाचचं नुकतं झालं असेल तर त्याचं पण हाफ लागेल बरं का. आधार ओरिजिनल घ्या, झेरॉक्सवर काही कंडक्टर ऐकत नाहीत. पुढच्या सीटा आधी बुक करा, ऐनवेळी चढलात तर सासूबाईंना मागं बसावं लागेल आणि मग गुडघे काय, कंबर पण जाईल. संभाजीनगर-जालन्याकडच्या गाड्या वाकडेवाडीला सोडतात. दिरांकडं जाऊन राहा, दुसऱ्या दिवशी शिवाजीनगरवरून भुयारी मेट्रोनं मंडई स्टेशनला उतरा, लिफ्ट आहे, सरकता जिना आहे, सासूबाईंना आधी लिफ्टनं न्या, सरकत्या जिन्याला त्या घाबरल्या तर तिथंच बसून राहतील. वाटेत सिव्हिल कोर्ट स्टेशन लागतं, ते जमिनीखाली 33 मीटर आहे, आपल्या गावच्या विहिरींशी तुलना करायला लावा पोराला. मंडईपासून म्युझियम चालत जाता येतं पण तुम्ही रिक्षाच करा.

जुना वाडा आहे, वरच्या मजल्यांना जिने आहेत. सासूबाईंबरोबर खालचं सगळं सावकाश बघून घ्या, मग त्यांना बसवून तुम्ही वर जाऊन या. आठच्याला त्यांच्याजवळ ठेवा, पाचच्याला तुमच्याबरोबर न्या, उलटं केलंत तर तो धाकटा त्यांना पळवेल.